हे चित्र कशाचे आहे?

अमूर्त चित्रातील रंग आणि आकार यांच्याशी थोडी ओळख

२०१० साली लंडनच्या एका लिलावात सय्यद हैदर रझा यांच्या 'सौराष्ट्र' या चित्राला सोळा कोटी रुपयांहून जास्त किंमत मिळाली. वर्तमानपत्रांत बातमी आली, सोबत चित्राचा छोटासा फोटो आला. अशी बातमी आली की घराघरांत एकच चर्चा होते. कोणी म्हणते, "यात आहे तरी काय? ना माणूस, ना झाड, ना घर." कोणी म्हणते, "असे रंग तर आमचा धाकटासुद्धा फासतो." थोडे हसणे होते, पेपरची घडी होते आणि विषय संपतो.

आम्ही शाळेत शिकवतो. वर्गातली मुलेही असे चित्र पाहिले की आधी हेच विचारतात, "सर, हे कशाचे चित्र आहे?" प्रश्न रास्तच आहे. लहानपणापासून आपण त्यांना तेच शिकवत आलो आहोत. आंबा काढा, झोपडी काढा, डोंगरामागून उगवणारा सूर्य काढा. चित्र म्हणजे कशाची तरी नक्कल, आणि नक्कल जितकी हुबेहूब तितके चित्र चांगले, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. पण चित्राचे एक दुसरे घराणे आहे, आणि त्यात आपल्या देशातली, आपल्या समाजातली, आपल्या महाराष्ट्राशी नाते असलेली मोठी माणसे होऊन गेली. या घराण्यातली चित्रे कशी पाहावीत, त्यांत रंग आणि आकार काय काम करतात, हे सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी रंग, मग नाव

वासिली कांदिन्स्की हा रशियन चित्रकार. शिकला कायदा, आणि तिशीत सगळे सोडून चित्रकलेकडे वळला. त्याने आपल्या आठवणींत एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मॉस्कोत फ्रेंच चित्रकारांचे प्रदर्शन भरले होते. तिथे क्लोद मोने याचे एक चित्र त्याने पाहिले. ते कशाचे आहे हे त्याला कळेना. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत पाहिल्यावर समजले की ती गवताची गंजी आहे. वस्तू ओळखू आली नाही याचा त्याला आधी त्रासच झाला. पण नंतर आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. गंजी ओळखू आली नव्हती, तरी ते चित्र मनातून जात नव्हते. याचा अर्थ, वस्तूचे नाव कळण्याच्या आधीच रंगाने आपले काम केले होते.

पुढे १९१० नंतरच्या काळात कांदिन्स्कीने वस्तू जवळजवळ बाजूला ठेवून केवळ रंग, रेषा आणि आकार यांची चित्रे काढली. याच चित्रांना आपण अमूर्त चित्रे म्हणतो. सतार वाजत असताना "हे कशाचे गाणे आहे?" असे आपण विचारत नाही. शब्द नसतात, तरी सूर उदास आहे की आनंदी हे कानाला कळते. अमूर्त चित्र डोळ्यासाठी तेच करते.

आपल्या घरात हे नवीन नाही

वाचकहो, हे सारे परदेशातून आलेले आणि आपल्याला परके, असे समजण्याचे कारण नाही. सजीवांच्या चित्रांविषयी आपल्याकडे वेगवेगळी मते आहेत आणि त्या चर्चेत आम्हाला इथे शिरायचे नाही. पण एक गोष्ट सर्वांना मान्य होईल. चेहरे न काढता केवळ आकार, रेषा आणि रंग यांतून डोळ्याला तृप्त करण्याची विद्या मुस्लिम कारागिरांनी शेकडो वर्षे जोपासली.

औरंगाबादचा बीबी का मकबरा अनेकांनी पाहिला असेल. तिथली संगमरवरी जाळी आठवा. कारागीर कंपास आणि पट्टी घेऊन बसतो. एक वर्तुळ काढतो, त्याचे सहा किंवा आठ समान भाग करतो, बिंदू जोडतो. तारा तयार होतो, ताऱ्याच्या शेजारी षट्कोन, त्याच्या शेजारी पुन्हा तारा. जाळी कशाचेच चित्र नसते. तरी तिच्यासमोर उभे राहिले की मन शांत होते, आणि ऊन जाळीतून फरशीवर पडले की त्याची दुसरी जाळी तयार होते. खत्तातीचेही तसेच. उर्दू न येणारा माणूसही चांगल्या कातिबाचे लिखाण पाहून थबकतो, कारण अलिफची उभी रेघ आणि नूनची गोलाई यांचा तोल त्याच्या डोळ्याला समजतो. नानी-दादीने जुन्या साड्यांच्या तुकड्यांतून शिवलेली गोधडी घ्या. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला तुकडा लावायचा हे तिने नजरेने ठरवले. ती गोधडी 'कशाची' आहे असे आपण कधी विचारले नाही. म्हणजे डोळा तयार आहे. तीच नजर कॅनव्हासकडे वळवायची आहे.

रंग एकटा नसतो

रंगाविषयी सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट ही की कोणताही रंग एकटा नसतो. तो शेजाऱ्यामुळे बदलतो. याचा प्रयोग घरी करता येईल. शिवणकामातून उरलेले राखाडी कापड घ्या आणि त्याचे दोन सारखे तुकडे कापा. एक तुकडा काळ्या कापडावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा तुकडा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. कापड एकाच थानातले आहे हे ठाऊक असूनही डोळा ऐकत नाही. आता लाल तुकडा हिरव्यावर ठेवून पाहा, दोघेही भडकून उठतील. तोच लाल तपकिरीवर ठेवा, तो जरा शांत होईल. योसेफ आल्बर्स नावाच्या कला शिक्षकाने आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून असेच रंगीत कागदांचे प्रयोग करून घेतले आणि १९६३ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या भगिनी मात्र दुपट्टा मॅचिंग करताना हे रोज करतात. दुकानदाराने दाखवलेला रंग सुटा पाहून त्या समाधानी होत नाहीत, कमीजवर ठेवून पाहतात.

शिवाय काही रंग पुढे येतात, काही मागे सरकतात. लाल, केशरी, पिवळा हे आपल्याकडे चालून आल्यासारखे वाटतात. निळा दूर जातो. म्हणून सपाट कॅनव्हासवर एकही घर किंवा रस्ता न काढता चित्रकार खोली निर्माण करू शकतो. कोणता रंग किती जागा व्यापतो यानेही फरक पडतो. मोठ्या काळ्या भागात पिवळ्याचा लहानसा ठिपका दिव्यासारखा लागतो. तोच पिवळा सगळीकडे पसरला तर दिवा राहत नाही.

रझा: जंगलाच्या रात्रीपासून बिंदूपर्यंत

रंग आणि आकार यांचे नाते समजायला रझासाहेबांचे आयुष्य फार उपयोगी आहे. त्यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात, बाबरिया या गावी झाला. वालिद जंगल खात्यात होते. त्यामुळे बालपण घनदाट जंगलात गेले. रात्रीचा काळोख आणि त्याची भीती, सकाळी उजाडल्यावर येणारा धीर, बाजाराच्या दिवशीची रंगांची गर्दी, हे सारे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले.

त्यांच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांची गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून विशेष आवडते. मुलगा चंचल होता, अभ्यासात लक्ष लागत नसे. नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला सांगितले की याच्याकडे पाहत बस. छडी नाही, ओरडणे नाही. त्या वेळी मुलाला त्याचा अर्थ कळला नसेल. पण तो ठिपका पन्नास वर्षांनी परत आला.

रझा नागपूरच्या कला शाळेत शिकले, मग मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४७ साली फ्रान्सिस न्यूटन सूझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा यांच्यासोबत ते 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'च्या स्थापनेत होते. फाळणीनंतर त्यांची भावंडे पाकिस्तानात गेली. रझा इथेच राहिले. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांची भेट प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांच्याशी झाली. त्यांनी या तरुणाची चित्रे पाहिली आणि स्पष्ट सांगितले की तुझ्यात गुण आहेत, पण चित्रांना बांधणी नाही. सेझानचा अभ्यास कर.

हा सल्ला नीट समजून घेतला पाहिजे. रंगाची ओढ रझांकडे जन्मतःच होती. पण घर केवळ रंगाने उभे राहत नाही, त्याला पाया, खांब, तुळई लागते. चित्राची तुळई म्हणजे आकार. कुठला भाग जड, कुठला हलका, नजर कुठून शिरणार आणि कुठे थांबणार, हे आकार ठरवतो. १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला गेले ते मुख्यतः हे शिकण्यासाठी. १९५६ साली त्यांना तिथल्या समीक्षकांचा 'प्री द ला क्रितीक' हा सन्मान मिळाला. फ्रान्सबाहेरच्या चित्रकाराला तो प्रथमच मिळत होता.

सुरुवातीला त्यांच्या चित्रांत घरे, चर्च, गावे दिसतात. १९६०च्या दशकात घरांच्या कडा विरघळू लागल्या आणि रंगच निसर्ग बनला. १९७१च्या 'जमीन' या चित्रात शेत दिसत नाही, नांगर दिसत नाही. काळ्यातून उसळणारा लाल-केशरी दिसतो, आणि जंगलातल्या रात्रीची आठवण ठेवणारा माणूस बोलतो आहे हे जाणवते. नाव, पैसा सारे मिळाले होते, तरी त्यांना स्वतःचे असे काही सापडत नव्हते. ते पुन्हा पुन्हा भारतात येऊ लागले, आणि साधारण १९८०च्या सुमारास त्यांच्या चित्रात तो ठिपका आला, काळा, गोल, मोठा. त्याला त्यांनी 'बिंदू' म्हटले. त्याच्याभोवती चौकोन, त्रिकोण, आडवे-उभे पट्टे, आणि काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा हे पाच मुख्य रंग. भारतीय विचारातल्या बीज, पंचतत्त्वे या कल्पना त्यांनी आपल्याशा केल्या. शिकायला गेले होते बांधणी, आणि सर्वांत साधी बांधणी त्यांना सापडली आपल्याच गावच्या शाळेच्या भिंतीवर.

एखाद्या पुस्तकात किंवा पडद्यावर रझांचा बिंदू दिसला तर असे करून पाहा. काळ्या वर्तुळावर नजर ठेवा आणि मनात सावकाश वीसपर्यंत मोजा. आधी ते भोक वाटेल, मग गोळा वाटेल. भोवतीचे पट्टे त्याच्यातून बाहेर पडताहेत की त्याच्याकडे ओढले जाताहेत, हे ठरवता येणार नाही. ही ओढाताण हाच त्या चित्राचा विषय.

२०१० च्या शेवटी, साठ वर्षांनी, रझा भारतात राहायला परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याच्या कब्रस्तानात वालिदांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले.

नसरीन: रंगाविना

आता दुसरे टोक पाहू. नसरीन मोहम्मदी यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. लहानपणीच कुटुंब मुंबईला आले. आईचे छत्र लवकर हरपले. त्या लंडनच्या सेंट मार्टिन्स कला शाळेत शिकल्या, नंतर पॅरिसमध्ये. १९७२ पासून अखेरपर्यंत बडोद्याच्या कला विद्याशाखेत शिकवत होत्या.

नसरीन यांनी हळूहळू सारे कमी करत नेले. आधी वस्तू गेली, मग रंग गेला, मग ब्रशही गेला. उरले काय? कागद, पेन्सिल, काळी शाई, पट्टी, कंपास आणि नकाशे काढणारे वापरतात तशी लेखणी. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीखही नाही. कागदावर आडव्या बारीक रेषा, एकीखाली एक. काही जवळजवळ, काही दूर, काही ठळक, काही इतक्या फिकट की डोळे बारीक करावे लागतात. पुढच्या काळात तिरक्या रेषा आणि वर्तुळाचे तुकडे आले, कागदाच्या रिकाम्या जागेत तरंगणारे.

रंग नाही तर चित्रात हालचाल कुठून येते? रेषांमधल्या अंतरातून. अंतर कमी होत गेले की कागद आत वळल्यासारखा भासतो, वाढत गेले की श्वास सोडल्यासारखा. आडवी रेषा विसावा देते, समुद्राच्या क्षितिजासारखी. उभी रेषा सावध करते. तिरकी रेषा पळते. हे नियम कोणी लादलेले नाहीत. आपण झोपतो आडवे, उभे राहतो सरळ आणि धावताना पुढे झुकतो, त्यामुळे शरीरालाच ते माहीत असतात.

नसरीन छायाचित्रेही काढत, पण हयातीत त्यांनी ती कधी प्रदर्शनात मांडली नाहीत. फत्तेपूर सिक्रीच्या इमारतींची छायाचित्रे त्यांत आहेत, मागावर ताणलेले धागे आहेत, समुद्रकिनाऱ्यावर लाटांनी ओढलेल्या रेघा आहेत. अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्याशी त्यांचे जवळचे नाते होते. म्हणजे त्या रेषा हवेतून आल्या नव्हत्या. जग नीट पाहून, त्यातले अनावश्यक गाळून त्या कागदावर उतरल्या होत्या.

यातली मनाला भिडणारी गोष्ट पुढेच आहे. नसरीन यांना मज्जासंस्थेचा असा आजार जडला की हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत जातो. चालताना तोल जाई, हात थरथरे. अशा हातांनी त्यांनी केसाएवढ्या बारीक आणि अचूक रेषा काढल्या. १९९० साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या गेल्या. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांपैकी एक नसरीन यांचे होते. "यात काय विशेष, नुसत्या रेघा तर आहेत," असे कोणी म्हणाले तर त्याला एक कोरा कागद आणि पट्टी द्यावी, आणि शंभर रेषा एकाच वजनाच्या, न थरथरता काढायला सांगाव्यात. दहाव्या रेषेला सब्र म्हणजे काय ते समजेल.

तिसरे नाव, आणि पाहण्याची रीत

या दोघांच्या मधे वासुदेव गायतोंडे यांचे नाव घेतले पाहिजे. गोव्याच्या कुटुंबातले, जन्म १९२४ चा, नागपूरचा. शिक्षण रझांप्रमाणेच जे. जे. मध्ये. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता आणि तरुण नसरीनवर त्यांचा मोठा प्रभाव पडला. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. वर्षाला मोजकीच चित्रे पुरी करत. त्यांच्या चित्रात एकच रंग भरून राहिलेला वाटतो, पण पाहत राहिले की आतून दुसरा प्रकाश येतो. धुक्यात दूरचा दिवा दिसावा तसा. रझांचा आकार ठाम, नसरीन यांची रेषा काटेकोर, तर गायतोंड्यांचा आकार रंगातच मुरलेला. तिघेही अमूर्त, पण एकाची चित्रे दुसऱ्याची म्हणून खपणार नाहीत. "कोणीही रंग फासावेत" असे असते तर हे झाले नसते.

मग असे चित्र पाहायचे कसे? आधी नाव वाचू नका. थोडे लांब उभे राहा आणि नजर पहिल्यांदा कुठे जाते ते पाहा. मग स्वतःला विचारा, ती तिथेच का गेली? रंगामुळे, आकारामुळे की रिकाम्या जागेमुळे? त्यानंतर मनातल्या मनात एक भाग हाताने झाका. तो नसता तर चित्र कुठे कलले असते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की 'कशाचे' हा प्रश्न आपोआप मागे पडतो. मुंबईला जाणे झाले तर जहांगीर आर्ट गॅलरीत किंवा समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मुलांना जरूर घेऊन जा. जहांगीरला तिकीटही लागत नाही.

मुलांच्या वह्या

शेवटी पालकांशी दोन शब्द. आपल्या राज्यात मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा देतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक उत्साहाने रंगपेटी आणून देतात. त्या परीक्षेत संकल्पचित्र आणि भूमितीही असते, म्हणजे रंग आणि आकार यांचीच तालीम. पण निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते. मुलगी असेल तर आणखी लवकर. "गुण मिळाले ना, आता पुरे," असे ऐकून वही बंद केलेल्या कितीतरी मुली आम्ही वर्गात पाहिल्या आहेत. त्यातल्या काहींची नजर फार चांगली होती.

प्रत्येक मूल रझा किंवा नसरीन होणार नाही, होण्याची गरजही नाही. पण रंगांचे नाते ओळखणारी नजर कपड्यांच्या डिझाइनमध्ये, छपाईत, फर्निचरमध्ये, घरबांधणीच्या नकाशात, मेहंदीत, सगळीकडे उपयोगी पडते. तिच्यावर रोजगार उभा राहतो. आणि रोजगार नाही झाला, तरी लक्ष एकाग्र करण्याची सवय लागते. झारिया गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढला तेव्हा त्यांना चित्रकार घडवायचा नव्हता. एका चंचल मुलाला स्थिर बसवायचे होते, इतकेच.

म्हणून मुलाने किंवा मुलीने कागदावर तीन चौकोन आणि एक गोल काढून आणला, तर "हे काय आहे?" असे लगेच विचारू नका. जवळ बसवा आणि विचारा, "हा गोल इथेच का ठेवलास? आणि याच्याशेजारी निळा का?" मूल थोडा वेळ गप्प राहील, मग सांगेल. ते उत्तर ऐकण्यासाठी घरातल्या मोठ्यांनी दहा मिनिटे काढली तरी पुष्कळ आहे.